इस्माईलभाईंच्या नावावरचे सात दिवस

"बांध," सर म्हणाले आणि काळा पट्टा टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं ऑफिस. चोविसावा मजला. मीटिंगची खोली, आठ माणसं. मी नुसती बघत राहिले. तेव्हा सर मराठीत बोलले, म्हणजे खास माझ्यासाठी. "अगं, लाजतेस काय? दिवसातून पाच वेळा नमाज पढता ना तुम्ही लोक? तुमच्या गुडघ्यांना तर आयतंच तेल-पाणी झालेलं असणार." मग तेच हिंदीत सांगितलं. बाकीच्यांची गंमत हुकायला नको.

सगळे हसले. एसीसुद्धा हसला असेल. आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? मी. ते हसू अजून माझ्या तोंडावरून धुऊन निघत नाही.

पट्टा सलवारीवरून गुडघ्याला बांधला. आठ जणांसमोर वीस उठाबशा काढल्या. सर मोजत होते. पडद्यावर एका पेशंटच्या नावापुढचा लाल ठिपका हिरवा झाला. टाळ्या पडल्या.

आमचं काम असं. गुडघ्याचं, खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस घरी व्यायाम करतो, पट्टा त्याची हालचाल मोजतो आणि मोबाईलवरून आकडे आमच्याकडे येतात. तीस दिवसांतले सोळा दिवस नोंद झाली तर विमा कंपनी बिल मंजूर करते. पंधरा झाली तर भोपळा. बिलं पाठवायचं काम माझं. सोबतच्या कागदावर सहीही माझी: 'ही नोंद पेशंटच्या स्वतःच्या हालचालीची आहे.' ऑफिसात त्याला कंप्लायन्स म्हणतात. मी रत्नागिरीची. आमच्याकडे याला सरळ कसम म्हणतात.

पण पेशंट कुठले सोळा दिवस करतात! रास अल खैमाच्या नव्वदीच्या एक आजी तर पट्टा मांजराला बांधून झोपायच्या. मांजर रात्रभर उंदरामागे, आणि आजींची प्रगती बघून डॉक्टर थक्क! ज्यांच्याकडे मांजर नव्हतं, त्यांचे उरलेले दिवस आम्ही भरायचे. सरांनी त्याला नाव दिलं होतं 'सपोर्ट'. जादाचा पट्टा त्या पेशंटच्या नावाला जोडायचा आणि चालायला लागायचं. हळूहळू सगळा सपोर्ट माझ्याच पायांवर आला. एका महिन्यात मला अकरा गुडघे होते, त्यातले चार पुरुषांचे! इतके जिने चढले की एव्हाना चंद्रावरून परत यायला हवं होतं. शनिवार-रविवारी पट्टे घरी. माझी सात वर्षांची पोरगी विचारायची, "मम्मी, हू आर यू टुडे?" मी म्हणायचे, "आज मी मिस्टर जॉर्ज. उजवा गुडघा." आणि लंगडून दाखवायचे. ती लोळून लोळून हसायची. अपमान रंगवून सांगितला की कमी टोचतो, असं मला वाटायचं.

सोडून का नाही दिलं? नवऱ्याची नोकरी सुटलेली. तिघांचा व्हिसा माझ्या एका नोकरीला टांगलेला. सर धमकी कधी द्यायचे नाहीत. "घरी सगळे मजेत ना?" एवढंच विचारायचे.

मग इस्माईलभाईंचा फोन आला. आमचे पेशंट, श्रीवर्धनकडचे, तिकडे अबू धाबीच्या टोकाला रुवैसला परांची बांधायच्या कामावर. वरून घसरून गुडघ्याचा चुरा झालेला. त्यांच्या कॅम्पात नेट असलं तर असतं. त्यांचे नऊ दिवस भरले होते. सात मी भरले.

"बाय, तुझ्याकडं माझा रिपोट दिसतो काय?"

"दिसतो ना भाई. काय झालं?"

"कंपनीचा डॉक्टर म्हणतो, गुडघा फर्स्ट क्लास वाकतो. सोमवारपासून कामावर. वर."

"आणि वाकत नाही?"

"संडासात बसता येत नाय, बाय. शिडी कशी चढू? पण मशीनमध्ये वाकतो ना. मशीन कशाला खोटं बोलंल? मीच अंगचोरी करत असन. आता रोज डबल करतो. इन्शाल्ला, होईल."

मी त्यांचा चार्ट उघडला. नऊ दिवस रेघ जमिनीला चिकटून सरपटत होती. पुढचे सात दिवस एकदम ताड. तो ताड म्हणजे मी. डॉक्टरने इस्माईलभाईंच्या पायाला हात लावलाच नव्हता. त्याने माझी रेघ बघितली, माझी सही बघितली.

इथपर्यंत मी थोडं वाढवून सांगितलं असेल. मांजर नव्हतं. आजी ऐंशीच्या होत्या. यापुढचं मात्र जसंच्या तसं आहे.

इतके दिवस मी स्वतःला सांगत होते, सरांनी माझे पाय वापरले. खरंच वापरले. पण त्याच पायांनी मी एका माणसाचं दुखणं खोटं पाडलं होतं. इतकं, की त्याचा स्वतःच्या गुडघ्यावर विश्वास राहिला नाही.

गुरुवारी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, इस्माईलभाईंचा रिपोर्ट रद्द करा.

"एक रद्द केला की सगळे उघडतील, हबीबी. यल्ला, या महिन्याच्या सह्या कर. खलास."

"करणार नाही."

सर हसले. "कागदावर माझं नाव कुठे आहे? सगळीकडे तू. आत गेलीस तर तू जाशील. पोरीला कोण बघणार?"

खरं बोलत होता तो माणूस. चोविसाव्या मजल्यावर चारी बाजूंना काच आणि एकही खिडकी उघडत नाही. कुठूनही गेले तरी माझ्याच सहीवर आपटणार होते.

जागेवर आले. सात तारखा लिहिल्या. प्रत्येक तारखेपुढे माझं नाव. सरांनी करायला लावलं, हेही लिहिलं, पण दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत मी. मेल इस्माईलभाईंच्या कंपनीच्या डॉक्टरला आणि विमा कंपनीला पाठवून दिला. तासाभरात माझं कार्ड दरवाजाला चालेना.

मग इस्माईलभाईंना फोन लावला. "भाई, ते सात दिवस तुमचे नव्हते. पट्टा मी बांधला होता."

ते म्हणाले, "म्हंजे माझा गुडघा खरंच दुखतो?"

"खरंच दुखतो, भाई."

त्यांनी फोन ठेवला. माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नव्हती.

आज शनिवार. डॉक्टरचं उत्तर नाही. नवरा म्हणतो, सरांची माफी माग, अजून वेळ आहे. कार्ड बंद पडायच्या आधीच मी चार्ट छापून आणलाय, सात दिवसांवर लाल पेनाने रेघ मारलीय. उद्या रुवैसची बस धरणार. सोमवारी सकाळी त्या डॉक्टरच्या दारात उभी राहणार आणि त्याने इस्माईलभाईंचा पाय स्वतःच्या हाताने वाकवून बघेपर्यंत तिथून हलणार नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवू देत. माझी जबानी तयार आहे. ते सात दिवस माझे आहेत. आणि हा माणूस वर चढणार नाही.