आंबुटीची चार पानं

सावली गावातल्या माझ्या माहेरच्या घरामागे आईच्या कुंड्या आहेत आणि त्यांत फुलझाडांपेक्षा आंबुटीच जास्त माजली आहे. तीन पानांचं ते आंबट तण आई उपटून फेकत नाही, वरणात घालते.

गेल्या वर्षी बाबांना लकवा झाला. बोलणं सुधारलं, चालणं जमू लागलं, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात जन्मभर फिटरकी केलेला माणूस आईच्या हातून घास घेताना डोळे मिटून घ्यायचा. मला ते बघवत नसे. बोटं हलवत ठेवा, नाहीतर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रबरी चेंडू आणून दिला, तर म्हणाले, "मी का लहान पोट्टा आहो?" हट्टीपणात आमच्या घरात कोणी कोणाला हार जात नाही.

मग सुट्टीत माझ्या लेकीने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं की चार पानांची आंबुटी सापडली तर नशीब उघडतं. "आजोबा, मले एक शोधून द्या ना!" बाबा लगेच खुर्ची ओढून कुंड्यांपाशी बसले. डावा हात पुढे केला, तर तिने तो धरून ठेवला. "डाव्या हातानं चालत नाई." हा नियम तिने कुठून काढला, देव जाणे.

त्या दिवसापासून रोज सकाळी उजवी बोटं पानांत चाचपडू लागली. महिने गेले, सुट्टी संपून लेक चंद्रपूरला परतली, मी येऊन-जाऊन असायची, तरी चार पानं काही सापडेनात. बाबांचा उतरलेला चेहरा पाहून मीच त्या कुंड्यांवर चिडायची.

एका मुक्कामात मी पहाटे लवकर उठले. आई कुंड्यांवर वाकली होती. तिने एक देठ खुडला. मला स्पष्ट दिसलं, चार पानं! आणि तिने ती सरळ तोंडात टाकली.

"आई! काय करून राह्यली तू?"

"हळू बोल ना! तुह्या बाबाले सापडली का मंग उद्यापासून हात कायले हालवतीन?"

त्या एका कुंडीत तशी पानं अधूनमधून येत होती आणि बाई रोज पहाटे कुंडी धुंडाळून, आली असतील ती आधीच खात होती. एवढं नशीब गिळलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. मला हसू आलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. आई कुंड्यांकडे निघाली होती, तेवढ्यात बाबा बाहेर आले. सदऱ्याच्या गुंड्या त्यांनी स्वतः लावल्या होत्या, एक चुकीच्या काजात. आईने पाहिलं आणि तशीच स्वयंपाकघरात परतली.

थोड्या वेळाने परसातून हाक आली, "सापडली!"

मी लेकीला व्हिडिओ कॉल लावून दिला. चार पानं उजव्या चिमटीत धरून बाबा तिला दाखवत होते. मग म्हणाले, "आता उद्यापासून पाच पानाची पाह्यतो."

चुलीपाशी आई पदर तोंडात धरून रडत होती. मी तिला रडू दिलं.