बोहनीला काळं कापड

गांधीबागेच्या कापडबाजारात माझ्या दुकानासमोर ज्याचं दुकान होतं, त्याच्याशी मी आजही बोलत नाही. लोक म्हणतात, आता सोडून दे. सोडणारा मी नव्हे. खांद्यावर गाठोडं घेऊन सावनेरच्या बाजारात कापड विकत मी वर आलो, काही सोडून देऊन नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर त्यानं काळ्या कापडाचे तागे माझ्या गळ्यात मारले. "संक्रांतीले काळं हातोहात जाते गा," म्हणाला. गेलं नाही. संक्रांत सरली की आमच्याकडे काळ्याला गिऱ्हाईक नसतं. वर्षभर पडून घडीवर रंग उडणार, हे ठरलेलं. येता-जाता बाजार हसायचा.

एका सकाळी मी नुकतीच उदबत्ती लावली होती. एक पोरगा आत आला. केस मानेवर, डोळ्यांत बायकांसारखं काजळ, अंगात सगळं काळं, गळ्यात पत्र्याची कवटी.

"काका, काळं कापड पाहिजे. असन तेवढं."

बोहनीला काळं आमच्या ओळीत कोणी देत नाही. दिवसाची पहिली विक्री काळ्याची झाली की दिवस गेला, असं आम्ही मानतो. आणि नेमके माझेच पडून असलेले तागे यानं मागावेत? मी समोर पाहिलं. समोरचा गादीवर बसून हसत होता.

"कोनं धाडलं तुले?"

"कोन धाडन? आमचा ब्यांड हाय. रविवारी धंतोलीच्या हॉलमध्ये पोग्राम हाय. पूर्ण स्टेज काळा करून राहिलो."

"मयतीचा हाय का पोग्राम?"

"तसंच समजा," तो हसला. मी तागे काढले नाहीत, तेव्हा एक तिकीट ठेवून गेला. जाताना समोरच्या दुकानात शिरला. माझी खात्रीच पटली, ही थट्टा होती.

दुपारी समोरचा स्वतः आला. पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "ते काळं दे बाबा वापस. तुया तळतळाट नको लागाले मले." मी त्याला तासभर घासला. घेतल्या भावाच्या वर एक पै चढवूनच दिलं. त्या दिवशी मी घरी गोड करायला सांगितलं.

तरी मन खात होतं. इतकं पडतं तो कधी घेत नसे. रविवारी ते तिकीट घेऊन मी हॉलवर गेलो.

दारातच एक पोरगी गोटी सोड्यात काळा खट्टा ओतून 'भूत सोडा' विकत होती. पिणाऱ्यांच्या जिभा काळ्याठिक्कर. आत थर्माकोलचे सांगाडे टांगलेले, आणि गिटारी अशा किंचाळत होत्या की माझे दात शिवशिवले. मी मात्र पडदा पाहत होतो. पडद्याच्या कोपऱ्याला पिवळा दोरा लोंबत होता. दुकानात आलेल्या प्रत्येक ताग्याच्या कोपऱ्याला पिवळा टाका घालायची माझी सवय सावनेरच्या बाजारापासूनची.

गाणं थांबल्यावर त्या पोराला गाठलं.

"हे कापड कुठून आणलं?"

"तुमच्या समोरून. ते काका म्हणे, पह्यले लाल रिबीन घे, बोहनी होऊन जाईन. काळं संध्याकाळी देतो. दिलं बी. पर लय महाग पडलं."

"मंग माझ्याकडे दुपारी काहून नाही आला?"

"तुम्ही तर मयतच काढली आमची!"

मी पडद्याजवळ गेलो आणि तो पिवळा दोरा उपटून खिशात घातला. कापड आता पोराचं झालं होतं. खूण माझी होती.

"पुढच्या टायमाले सरळ माझ्याकडे ये," मी म्हणालो.

"सकाळी आलो तर चालन?"

बोलायला जड गेलं. "चालन. पर पह्यले लाल रिबीन घ्या लागन."

दुसऱ्याच दिवशी मी लाल रिबिनीचं रीळ आणून गल्ल्याशेजारी ठेवलं. पोरं परत आली नाहीत. समोरचा सांगत फिरायचा की ब्यांड मोडला. असेलही. पण हे त्याला कसं ठाऊक, ते त्यानं कधी सांगितलं नाही.