चावडीच्या पायरीवरच्या चपला

चावडीत गावची मानकरी मंडळी बसायची. बहुतेक वेळा पत्तेच कुटत असायची, तरी समोरून जाताना बायका चपला काढून हातात घेत. माझी आईही घ्यायची. उन्हाळ्यात तिचे पाय भाजत, पण ती कधी भरभर चालली नाही.

आता त्याच चावडीत बायकांच्या बचत गटाची मसाल्याची गिरणी आहे. परवा गटाची अध्यक्ष सखूकाकू बैठकीला आली आणि जुन्या सवयीने चपला हातात घेऊन, खाली मान घालून सरळ पुढे निघाली. आतून तिच्या सुनेने हाक मारली, "आत्याबाई, कुठं निघाला? तुमच्यावाचून बैठक खोळंबलीय."

काकू हसली, मागे फिरली. तिने हातातल्या चपला पायरीवर, बाकीच्या बायकांच्या चपलांशेजारी ठेवल्या. त्या ढिगात मी उगाचच आईच्या चपला शोधत राहिलो.