टँकरच्या दिवशीची प्रार्थना

आज गल्लीत टँकर आला. घागर उचलताना पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरचा वास नाकात गेला आणि उदगीरचं आमचं घर आठवलं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. बाबा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. दादानंही पाळक व्हावं हा त्यांचा हट्ट. दादा लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत कारकून झाला. "हा माझा लेक न्हाई," असं बाबा भर चर्चमध्ये बोलले. दादा घरी यायचा बंद झाला. तेव्हापासून जेवणाआधीच्या प्रार्थनेत बाबा रोज म्हणत, "प्रभू, माझ्या चुकलेल्या लेकराला क्षमा कर." आम्ही आमेन म्हणायचो.

पुढं दुष्काळ पडला, तेव्हा टँकरवर देखरेखीला कचेरीनं नेमकं दादाला आमच्या गल्लीत धाडलं. सगळ्यांची भांडी भरल्यावर त्यानं शेवटी आमची घागर भरली आणि निघाला. आईनं त्याचा हात धरला. "भाकरी तव्यावर हाय. दोन घास खाऊन जा की रे."

तो बाबांसमोर बसला. बाबांनी हात जोडले, डोळे मिटले. नेहमीचं वाक्य येणार म्हणून मी मान खाली घातली.

"प्रभू," बाबा म्हणाले आणि थांबले. भाकरीची वाफ विरून गेली. "याच्या चुकलेल्या बापाला क्षमा कर."

आमेन म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी दादाच म्हणाला, "आमेन." मग भाकरी मोडून अर्धी त्यानं बाबांच्या ताटात ठेवली.

तेव्हा मला वाटलं, बाबांनी दादाला घरात घेतलं. आता माझी मुलं मोठी झालीत. कुणी कुणाला घरात घेतलं, ते आता कळतं.