भिंतीपलीकडची बहीण

आमचे बाबा प्लंबर. गल्लीतल्या घराघरांत पाणी त्यांनी आणलं, पण एकाही घरात ते कधी पाण्याचा घोट प्यायले नाहीत. दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं काही पोटात जाऊ नये म्हणून त्यांनी सरसकट नियमच करून टाकला होता: पाणी स्वतःचं, डबा स्वतःचा. लोक चिडवायचे, "का हो, तुम्हीच बसवलेला नळ, त्याचंही पाणी चालत नाही?" बाबा हसायचे नाहीत. ते चर्चच्या पंचांपैकी एक. विनोद कळायला त्यांना दोन दिवस लागायचे.

भिंतीला भिंत लागून आत्या राहायची. शिवणकाम करायची. ती आमच्या नात्यातली नव्हती, आमच्या धर्माचीही नव्हती. मी सात वर्षांची असताना आई गेली, तेव्हा ती आपणहून आत आली, माझे केस विंचरले आणि बाबांना म्हणाली, "भाऊ, पोरीचं मी बघते." तेव्हापासून ते तिचे भाऊ आणि ती माझी आत्या. चर्चला जायचा माझा प्रत्येक फ्रॉक तिने शिवला. मी दोन्ही वेळा तिच्याकडेच जेवायचे, त्याला मात्र बाबांचा नियम आड यायचा नाही. लेकराला दोष लागत नाही, म्हणायचे. सोयीचं होतं ते, मी आज स्पष्टच बोलते.

मी कॉलेजात होते तेव्हा आत्याचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला. घर माणसांनी भरलेलं आणि नेमका टाकीचा पाइप फुटला. बाबा दिवसभर वर राबले, पाणी सुरू झालं तेव्हाच खाली उतरले. आत्याने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. बायकांनी ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. तिने मान वर केली.

"भाऊ, तुम्ही बसा माझ्यासोबत. तुम्ही खाल्लंत तर माझ्या घशाखाली घास उतरेल."

सगळे बाबांकडे बघू लागले. त्यांनी ओले हात पँटला पुसले. "मला चालत नाही ते, ताई. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." आणि ते घरी निघून आले. आत्या त्या दिवशीही उपाशीच राहिली.

भांडण असं झालंच नाही. भेटली की ती बोलायची, पण भाऊ म्हणायचं तिने सोडलं. "प्लंबरसाहेब" म्हणू लागली. आणि बाबांना वाटलं, आपला मान वाढला! काय म्हणावं या माणसाला?

दोन वर्षांनी चर्चला नवे पाळकसाहेब आले. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी, आपापलं मन तपासायचं, ही आमची जुनी शिकवण. आम्ही ते डोळे मिटून पाच मिनिटांत उरकायचो. पाळकसाहेब म्हणाले, "स्वतःला विचाराल तर उत्तर मनासारखंच मिळणार. या आठवड्यात शेजाऱ्याला विचारून या, माझं काय चुकलं म्हणून." बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, जणू बक्षीस घ्यायलाच. मीही मागोमाग गेले.

आत्याने मशीन थांबवलं. "तुमचं काम चोख असतं, प्लंबरसाहेब."

"कामाचं नाही विचारत. माझं सांगा."

तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. "मी काही तुम्हाला माझ्या देवाच्या पाया पडायला सांगत नव्हते. माझा पोरगा गेला होता हो. मला भाऊ हवा होता शेजारी."

बाबा घरी येऊन खाटेवर बसले. "सगळं तपासत आलो गं मी. दारू, खोटं, शिवी. हे माझ्या यादीतच नव्हतं." दुसऱ्याचं कुसळ शोधण्यात हयात गेली आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ शेजारणीने दाखवलं. त्या रविवारी प्रभुभोजनाची थाळी पुढ्यात आली तेव्हा त्यांनी काही न घेता ती तशीच पुढे दिली. पंचाने! चर्चभर कुजबुज झाली. उपासना संपताच ते थेट आत्याच्या दारात उभे राहिले. "जेवायला घालाल?"

तिने घातलं. मग दर रविवारी घालत राहिली, अकरा वर्षं. काही जणांनी नाकं मुरडली, बाबांनी पंचपद सोडलं. पुढे ते पुन्हा प्रभुभोजन घेऊ लागले. पण तिच्या तोंडी मात्र प्लंबरसाहेब ते प्लंबरसाहेबच. जेवून आले की मी विचारायचे, "काय म्हणाली आत्या?"

"प्लंबरसाहेब म्हणाली," एवढंच सांगून ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला फार वाईट वाटायचं.

मागच्या वर्षी कामावर असतानाच बाबांना झटका आला आणि ते गेले. आत्या पहिल्यांदाच चर्चमध्ये आली. शवपेटीजवळ जाऊन तिने त्यांची कॉलर सारखी केली आणि "भाऊ" म्हणून असा हंबरडा फोडला की पाळकसाहेब वाचता वाचता थांबले.

दफन झाल्यावर मी तिला गाठलं. रागातच होते मी. "अकरा वर्षं का नाही म्हणालीस, आत्या?"

"राग तर पहिल्याच रविवारी गेला गं. दर खेपेला ठरवायचे, आज म्हणते. मग जीभच उचलायची नाही. वाटायचं, पोटभर जेवतात, बरे दिसतात, त्यांना कुठे आता त्याचं काही वाटत असेल?"

त्यांना काय वाटतं ते फक्त मला ठाऊक होतं. दिवसातून दहा वेळा मी या घरातून त्या घरात जायचे. एकदा तरी सांगायचं होतं, आत्या, ते वाट बघतायत. नाही सांगितलं. त्या दिवशी ती उपाशी राहिलेली मी पाहिली होती, आणि माझ्या मनात होतं, भोगू देत थोडं.