सासुरवाडीचा पहिला फोन

माझ्या सासुरवाडीने स्वतःचं मोबाईल नेटवर्क उभारलं, आणि त्यात पहिला बिघाड झाला तो म्हणजे मी.

मी दोहात टेलिफोनच्या धंद्यात आहे. म्हणजे टॉवर कुठे लावायचा, त्याचं तोंड कुठे करायचं, हे ठरवणारा इंजिनियर. वाळवंटात उंटालासुद्धा रेंज मिळावी अशी आमची व्यवस्था! आणि माझी बायको शुभांगी ज्या गावची, ते अकोले तालुक्याच्या डोंगरातलं गाव मात्र रेंजवाचून कोरडं. कंपन्या यायच्या, घरं मोजायच्या, चहा प्यायच्या आणि परत जायच्या. फोन लागायचा तो फक्त गावामागच्या टेकडीवर, एका खडकावर उभं राहून. आमचे सासरे (सगळं गाव त्यांना आबा म्हणतं) धोतर सावरत खडकावर चढायचे, मला एक रिंग द्यायचे आणि कापायचे. मग मी इकडून फोन करायचा. त्यांनी कापायला उशीर केला, तर मी कापायचो. सासऱ्यांच्या फोनचा खर्च जावयाने करायचा, हा आमच्यातला अलिखित करार. लग्न झाल्यापासून तो एकदाही मोडला नव्हता!

सासूबाईंचे गुडघे मात्र गेलेले. खडक काही त्यांच्या वाट्याला नव्हता. आई-मुलीचं बोलणं आबांमार्फत चालायचं. "तुझी आई विचारत होती, जेवतेस का नीट?" आबा अशा सुरात विचारायचे की, ग्रामसभेचा ठराव वाचून दाखवतायत असं वाटावं. शुभांगी "हो" म्हणायची आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात उगीच भांडी आपटायची. मला ते आवडत नसे. भांडी आपटणं नाही, तिचं ते एका 'हो'वर थांबणं.

शेवटी गावानेच कंबर कसली. एका संस्थेने परवानगी आणि यंत्र मिळवून दिलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्याने खांब जोडला, शाळेच्या छपरावर तो उभा राहिला आणि शेजारी सोलरची पाटी बसली. सल्लागार कोण? अर्थात जावई! दर शुक्रवारी मी अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमधून खडकावरच्या आबांना सूचना द्यायचो. "आधी गावातून बाहेर फोन जाऊ द्या. बाहेरून आत येण्याचं नंतर बघू," हाही माझाच सल्ला. (याचा पुढे मला फार पश्चात्ताप झाला.)

गावात एक बाबूराव आहेत. आबांचं ज्याला हो, त्याला त्यांचं नाही. ग्रामसभेत त्यांनी अट घातली, "उद्घाटनाला पहिला फोन परदेशात लागला पायजे. देवीचा नैवेद्य निघायच्या आत नाय लागला, तर खांब खाली!" आबा म्हणाले, "मंजूर. पहिला फोन जावयांना. मान त्यांचा!"

मान म्हटल्यावर मी फुगलो. शुक्रवारी सकाळी जवळच्या अल वक्र्याहून मित्र देशमुखला सहकुटुंब बोलावलं. शुभांगीने साबुदाण्याची खिचडी केली. मी इस्त्रीचा झब्बा घातला, टीपॉयवर रुमाल अंथरला, त्यावर फोन ठेवला आणि छोटंसं भाषण ठोकलं. "मित्रहो, तंत्रज्ञान म्हणजे काय? तंत्रज्ञान म्हणजे..."

फोन वाजला! पडद्यावर 'सासुरवाडी' अशी अक्षरं. (गावाचा नवा नंबर मी आधीच साठवून ठेवला होता.) शुभांगीने तोंडावर हात धरला. देशमुख ओरडला, "यल्ला, चला साहेब, उचला!"

आणि मी फोन कापला.

मी नाही हो, माझ्या अंगठ्याने! सासुरवाडीचा फोन आला की कापायचा, हे त्याला इतकं पाठ होतं की त्याने मला विचारलंसुद्धा नाही.

"बाबा!" आमची ईरा किंचाळली. "यू कट द कॉल!"

"खलास," देशमुख म्हणाला आणि त्याने खिचडीची वाटी पुन्हा हातात घेतली.

मी घाईघाईने उलट फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली की हा नंबर अस्तित्वात नाही. कसा असेल? बाहेरून आत येण्याचं नंतर बघायचं होतं ना!

तेवढ्यात पुन्हा 'सासुरवाडी'! मी झडप घातली, पण एका रिंगमध्ये फोन गप्प. पुन्हा वाजला, पुन्हा एका रिंगमध्ये गप्प. सगळे माझ्याकडे बघू लागले. तज्ज्ञाला आता बोलणं भागच होतं.

"अँटेना हललाय," मी गंभीरपणे म्हणालो.

"तुम्हाला इथून दिसतोय?" शुभांगीने विचारलं.

एवढ्यात माझा मेहुणा सुभाष धापा टाकत जुन्या खडकावर पोचला. त्याने मिस्ड कॉल दिला. मी उलट फोन केला.

"आवं दाजी, काय चाललंय तुमचं? तुम्ही आबांचा फोन कापला म्हनं! सगळ्या गावानं लाउडस्पीकरवर टूं-टूं आयकलं! आबांचं तोंड एवढंसं झालंय. बाबूराव पाना घेऊन छपरावर चढलाय, आन् खाली नैवेद्याचं ताट भरतायत!"

"सुभाष, नीट ऐक. अँटेनाचं तोंड थोडं डावीकडे फिरवा. माझं नाव सांग!"

"बरं दाजी!" म्हणून तो टेकडी उतरायला लागलासुद्धा.

शुभांगी माझ्याकडे टक लावून बघत होती. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तिने माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"अवो," ती सावकाश म्हणाली. (ती 'अहो'वरून 'अवो'वर आली की मी दाराच्या बाजूला सरकतो.) "एक रिंग वाजतीय म्हंजी तिकडून फोन येतोय की नाय? अँटेना चांगलाच हाय. आबा कापतायत! त्यांना सवय लागलीय, एक रिंग द्यायची आन् कापायचं!"

टॉवर ठणठणीत होता, सोलर ठणठणीत होतं. बिघडले होते ते दोन टोकांचे दोन पुरुष. आणि आता माझ्या नावाने एक धडधाकट अँटेना फिरवला जाणार होता! मी सुभाषला फोनवर फोन केले. तो रेंजबाहेर. गावात जाणारी प्रत्येक वाट मी स्वतःच्या हाताने बंद करून बसलो होतो. आबांची अब्रू, एवढ्या लोकांची मेहनत आणि शुभांगीची आई, सगळं त्या डावीकडे चाललेल्या अँटेनावर लटकलेलं.

"काहीतरी करा ना," शुभांगी रडवेली होऊन म्हणाली. मी काय करणार? मी रुमालाची घडी सरळ केली.

आणि फोन वाजला. एक रिंग. आता कापणार... दुसरी रिंग! मी हात पुढे केला.

"हात लावायचा नाय!" शुभांगीने माझ्या मनगटावर अशी चापट मारली की अंगठा अजून आठवण काढतो. तिने फोन उचलला.

"हॅलो?"

"शुभे? जेवलीस का?"

आबा नव्हते, सासूबाई होत्या! अँटेनाला हात लागायच्या आत त्यांनी आबांच्या हातातून फोन ओढून घेतला होता. त्यांनी जन्मात कधी मिस्ड कॉल दिलेला नव्हता, आणि कापायचं बटण कुठे असतं हेही त्यांना माहीत नव्हतं. शुभांगी नुसती "आई, आई" म्हणत राहिली आणि पलीकडून, लाउडस्पीकरमुळे, सगळं गाव "ओ, ओ" करत राहिलं! हलगी कडाडली. देवीच्या नावाचा जयजयकार आमच्या फ्लॅटमध्ये घुमला. देशमुख उभा राहून टाळ्या वाजवत होता, ईरा सोफ्यावर उड्या मारत होती आणि मी झब्ब्याच्या बाहीने डोळे पुसत होतो. नैवेद्य अजून निघायचा होता. छपरावरच्या बाबूरावांनी त्याच पान्याने खांबाचा एक ढिला नट आवळला आणि ते खाली उतरले, असं मागाहून कळलं.

"आई, हे बघ, हे पण इथेच आहेत," शेवटी शुभांगी म्हणाली.

"आसू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना म्हनावं, फोन वाजला की उचलायचा आसतो."

साऱ्या पंचक्रोशीने ऐकलं.

आता त्या दोघी रोज बोलतात, इतकं की मला चहा मागायला फोनच करावा लागेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो, तेव्हा आजूबाजूच्या गावांतली माणसं नेटवर्क बघायला आली होती. आबांनी अभिमानाने खांब दाखवला, यंत्र दाखवलं आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे आमचे जावई. कतारला टेलिफोनात मोठे साहेब आहेत," ते म्हणाले. "आता फोन उचलायला पण शिकलेत!"