लोलो शाळेत आले तेव्हा

परदेशात, ब्युमॉन्टला, आमच्या भिंतीला भिंत लागून एक फिलिपिनो कुटुंब राहायचं. बाई माझ्याच हॉस्पिटलात नर्स होती. नवरा वॉटरफोर्डला नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येणारा. घर खरं चालायचं ते तिच्या वडिलांवर. त्यांच्या भाषेत आजोबांना लोलो म्हणतात, म्हणून आम्हीही लोलोच म्हणायचो.

जन्मभर ते मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. बायको गेल्यावर मुलीकडे आले आणि थोड्याच दिवसांत काम शोधून मोकळे झाले. सकाळी एका वृद्धाश्रमात भांडी घासायची, संध्याकाळी मुलींच्या शाळेत साफसफाई. मुली म्हणजे त्यांची नात आणि माझी लेक, दोघी एकाच वर्गात. दुपारी त्यांना घरी आणून भात-ऑम्लेट खाऊ घालायचेही तेच. फक्त नातीच्या सांगण्यावरून ते शाळेच्या फाटकाशी न थांबता कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबायचे. तिथं वारा कमी लागतो, असं ते मला म्हणाले होते.

दोन हजार दहाच्या जानेवारीत शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. माझ्या लेकीचे आजी-आजोबा नागपूरला. तिनं लोलोंना विचारलं, माझे आजोबा म्हणून याल का? मी दोघींचाच येईन, असं ते म्हणाले. त्यावर नात ताटातून मान वर न करता म्हणाली की फक्त हिचे म्हणून या. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मला त्या पोरीच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं होतं.

त्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेले. लोलो कोट आणि टाय घालून आले होते. हॉलची फरशी त्यांनीच आदल्या संध्याकाळी पुसली होती, खुर्च्याही त्यांनीच मांडल्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा ते उठले आणि वादळात भाताचं पातेलं दोरीनं कमरेला बांधून बसल्याची गोष्ट त्यांनी सांगितली. मुलं खूप हसली. मागून एक मुलगा म्हणाला की हे तर आपले क्लीनर. लोलोंनी बुटानं फरशीवर टकटक केलं. "हो. ग्रँड झालीय ना?" मुलं पुन्हा हसली, आणि मलाही हलकं वाटलं.

शिक्षिका नव्या होत्या. पुढे त्यांनी नातीला सहज विचारलं, तुझे आजोबा नाही येऊ शकले?

"ते जहाजावर असतात," ती म्हणाली.

लोलो माझ्या शेजारीच बसले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होईना. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग पुढच्या आजीबाई उठल्या तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. परतताना वाटेत एवढंच म्हणाले, "डॉक्टर, माझ्या मुलीला यातलं काही सांगू नका."

मी सांगितलं नाही. माझ्या लेकीनं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी नर्स ड्यूटीवरून तडक आमच्याकडे आली आणि युनिफॉर्मवरच किचनमध्ये बसली. मला वाटलं ती पोरीवर चिडली असेल. पण ती खाली बघत म्हणाली, "ते वाक्य माझं आहे."

लहानपणी शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमाला तिला कोणी ना कोणी विचारायचं, वडील कुठं आहेत? ती तेच सांगायची. तिच्या बाबतीत ते खरं होतं, आणि सांगताना तिला रडू यायचं. मोठेपणी ते सगळं तिनं आपल्या मुलीला कितीदा तरी ऐकवलं होतं. तेही लोलो शेजारच्याच खोलीत कपड्यांना इस्त्री करत असताना. आता घरी जाऊन त्यांच्यासमोर कशी उभी राहू, असं तिनं मला विचारलं. मी चहा केला.

त्यांच्या घरात कोणी तो विषय काढला नाही. लोलो पूर्वीसारखेच कोपऱ्यावर थांबत राहिले, फरशा पुसत राहिले. दोन वर्षांनी भावाच्या आजारपणासाठी ते गावी गेले आणि तिथंच हार्ट अटॅकनं गेले. मुलगी आणि जावई तेवढे जाऊ शकले. नात आमच्याकडे राहिली.

एका दुपारी ती मला भांडी पुसायला मदत करत होती. मध्येच थांबून म्हणाली, "आंटी, त्या दिवशी त्यांनी ऐकलं होतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "हो. ऐकलं होतं."

तिनं मान हलवली. बराच वेळ तीच बशी पुसत राहिली. "मग मला ओरडले का नाहीत?"

त्यांना तुझा राग आलाच नव्हता, असं मला म्हणता आलं असतं. पण त्यांच्या मांडीवरचे ते हात मी पाहिले होते. मी तिच्या हातातली बशी घेऊन कपाटात ठेवली आणि तिला पुढची दिली.